किरणोत्सर्गी कचरा आणि वाट पाहण्याची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



किरणोत्सर्गी कचरा हा शब्द उच्चारला की कार्यकर्त्याच्या मनात तारापूर उभे राहते, जैतापूरचा संघर्ष उभा राहतो, चेर्नोबिल आणि फुकुशिमा यांची आठवण होते. हे स्वाभाविकच आहे. परंतु किरणोत्सर्गी कचऱ्याचा आणखी एक उगम असा आहे की त्याच्याभोवती कुंपण नसते, त्याच्या दारावर बंदूकधारी पहारेकरी नसतो. तो रुग्णालयाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर येतो, एस.टी.त किंवा लोकलमध्ये बसतो आणि आपल्या घरी जातो. हा उगम म्हणजे अणुवैद्यकाचा उपचार घेतलेला रुग्ण. त्याच्या मूत्रातून, घामातून, लाळेतून औषधाचा काही भाग काही दिवस बाहेर पडत राहतो. त्या कचऱ्याचे काय करायचे, हा आजचा विषय आहे.

विषय तांत्रिक वाटतो, आणि तांत्रिक म्हटले की तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची सवय सर्वच पक्षांना आहे. वस्तुतः यातील तांत्रिक भाग शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. अवघड आहे तो यातील अर्थशास्त्राचा आणि न्यायाचा भाग.

प्रथम उपचार समजून घेऊ. गळ्याच्या पुढील भागात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. शरीरात आलेले आयोडीन ती ओढून घेते. किरणोत्सर्गी आयोडीन रुग्णाला पाजले, तर तेही ती ग्रंथी तितक्याच आवडीने घेते आणि त्यातून निघणारे किरण रोगट पेशींना आतूनच मारतात. शस्त्र शत्रूच्या घरात आपणहून जाते, असा हा प्रकार. अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली थायरॉईडच्या अतिस्रावाच्या रुग्णांवर हा उपचार प्रथम केला. १९४६ पासून ओक रिज येथील अणुभट्टीत तयार झालेली समस्थानिके रुग्णालयांना मिळू लागली आणि या शाखेचा विस्तार झाला.

भारतात या शाखेचा पाया सार्वजनिक क्षेत्राने घातला, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५६ साली ट्रॉम्बे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० साली सायरस. १९६३ साली परळ येथे, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या शेजारी, रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. ज्या परळमध्ये गिरणीचा भोंगा दिवसाची वेळ ठरवीत होता, त्याच परळमध्ये अणूचा उपयोग माणूस वाचविण्यासाठी होऊ लागला. गेल्या सहा दशकांत थायरॉईडच्या कर्करोगाचे असंख्य रुग्ण या उपचाराने बरे झाले. म्हणून प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. या उपचाराला विरोध करणे हे अडाणीपणाचे तर होईलच, शिवाय ते गरीब रुग्णांच्या हिताविरुद्धही होईल. प्रश्न उपचार हवा की नको हा नाही. उपचाराच्या मागे जे उरते त्याचा भार कोणी उचलायचा, हा आहे.

आता त्या उरणाऱ्या वस्तूचे स्वरूप पाहू. या उपचारात वापरले जाते ते आयोडीन-१३१. थायरॉईडच्या अतिस्रावासाठी ते थोडे पुरते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. कर्करोगासाठी मात्र मात्रा मोठी लागते. शंभर मिलिक्युरी ही काही असाधारण मात्रा नव्हे. शंभर मिलिक्युरी म्हणजे दर सेकंदाला ३७० कोटी अणूंचे विघटन. कर्करोगाच्या रुग्णाची ग्रंथी शस्त्रक्रियेने आधीच काढलेली असते, त्यामुळे शरीरात आयोडीन धरून ठेवणारे फारसे काही उरलेले नसते. परिणामी दिलेल्या औषधापैकी बराच मोठा भाग पहिल्या दोन दिवसांत मूत्रावाटे बाहेर पडतो. म्हणजे औषध देण्याची क्रिया काही मिनिटांची, पण त्या औषधाचा खरा साठा दोन दिवसांत रुग्णाच्या शरीरातून शौचालयाच्या नळात गेलेला असतो.

याशिवाय सुका कचरा असतो. सुया, हातमोजे, कापूस, चादरी, उष्टे अन्न, कागदी ताटल्या, लहान मुलांचे व अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे लंगोट. निदानासाठी टेक्नेशियम-९९एम वापरतात, पेट स्कॅनसाठी फ्लोरिन-१८ वापरतात, आणि अलीकडे काही कर्करोगांवर लुटेशियम-१७७ देतात. या प्रत्येकाचा कचरा होतो.

परंतु या कचऱ्याचा एक मोठा गुण आहे. तो मरतो. पारा मरत नाही, शिसे मरत नाही, प्लॅस्टिक आपल्या नातवंडांच्याही नंतर शिल्लक राहील. आयोडीन-१३१ मात्र दर आठ दिवसांनी निम्मे होते. यालाच अर्धायुष्य म्हणतात. आठ दिवसांनी अर्धे, सोळा दिवसांनी पाव, आणि ऐंशी दिवसांनी, म्हणजे दहा अर्धायुष्यांनंतर, मूळच्या एक हजार चोविसाव्या भागाइतके. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे, म्हणून तीन दिवसांच्या आतच त्याचे काम आटोपते. फ्लोरिनचे ११० मिनिटांचे, आजचा कचरा उद्या सकाळी जवळजवळ निरुपद्रवी. तेव्हा या कचऱ्यावर कोणतेही रसायन ओतावे लागत नाही, कोणतीही भट्टी पेटवावी लागत नाही. त्यावर एकच उपाय आहे आणि तो निसर्गाने फुकट दिलेला आहे. तो म्हणजे काळ.

येथेच अर्थशास्त्र सुरू होते. काळ फुकट आहे, पण वाट पाहणे फुकट नाही. वाट पाहण्यासाठी जागा लागते, भिंती लागतात, माणूस लागतो, नोंदवही लागते. जमिनीचा भाव चौरस फुटावर मोजणाऱ्या शहरात जागा म्हणजे पैसा, आणि रुग्णालयाच्या खाटेवर रोजचा हिशेब मांडणाऱ्या व्यवस्थेत वाट पाहणे म्हणजे तोटा.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका रुग्णालयात अशा उपचाराच्या दोन खाटा आहेत आणि प्रत्येक रुग्णामागे रोज शंभर लिटर पाणी शौचालयातून जाते. म्हणजे रोजचे दोनशे लिटर. हे पाणी सरळ गटारात न सोडता एका टाकीत साठवायचे, टाकी भरली की ती बंद करून दुसरी भरायला घ्यायची, आणि पहिली तेवढे दिवस तशीच ठेवायची. या टाकीला डिले टँक म्हणतात. ऐंशी दिवस थांबायचे असेल तर सोळा हजार लिटरची एक, अशा दोन टाक्या लागतील. चाळीस दिवसच थांबायचे ठरवले तर टाक्या निम्म्या आकाराच्या पुरतील. हिशेबनीस म्हणेल, खर्च निम्मा वाचला. पण टाकीत शेवटी पडलेल्या थेंबाचे काय? ऐंशी दिवसांनी त्यातला किरणोत्सर्ग मूळच्या १०२४ व्या हिश्श्यावर आला असता, चाळीस दिवसांनी तो केवळ ३२ व्या हिश्श्यावर येतो. टाकी निम्मी झाली, पण बाहेर जाणारा किरणोत्सर्ग बत्तीसपट झाला. निम्म्या टाकीचा फायदा रुग्णालयाच्या ताळेबंदात दिसतो. ती बत्तीसपट वाढ कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही.

के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उत्पादनाच्या खर्चाचा एक भाग उद्योग स्वतः न सोसता त्रयस्थांवर आणि समाजावर ढकलतो, हा त्याचा मूळ मुद्दा. कापडगिरणीच्या धुराला आणि रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्याला तो मुद्दा लावण्याची सवय चळवळीला आहे. रुग्णालयाला तो लावताना मात्र जीभ अडखळते, कारण तेथे सेवा आहे, करुणा आहे. पण करुणेच्या घरातही खर्च ढकलला जाऊ शकतो, आणि तो नेहमी उताराच्या दिशेनेच जातो.

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. जगातील तज्ज्ञांमध्ये या प्रश्नावर एकमत नाही. किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ सालच्या आपल्या ९४ व्या प्रकाशनात असे म्हटले की रुग्णालयांतून गेलेले आयोडीन पर्यावरणात आढळते खरे, परंतु त्याचा मोजता येईल असा दुष्परिणाम दिसत नाही, आणि उपचारानंतर रुग्णाचे मूत्र साठवून ठेवण्याचा लाभ अत्यल्प वाटतो. अमेरिकेत १९९७ साली नियम सैल झाले. रुग्णापासून इतर कोणाही व्यक्तीला पाच मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळण्याचा संभव नसेल तर त्याला घरी सोडता येते, आणि त्याची मलमूत्रे गटारात सोडण्याच्या मर्यादेतून वगळली आहेत. याउलट जर्मनीत रुग्णाला किमान ४८ तास रुग्णालयात ठेवतात आणि सांडपाणी टाक्यांत साठवतात. भारतातही मोठ्या मात्रेच्या उपचारासाठी स्वतंत्र खोली आणि सांडपाण्याची टाकी यांची अपेक्षा नियामकांनी ठेवली आहे.

मग अमेरिकेचे ऐकावे की जर्मनीचे? टाक्यांवर खर्च होणारा पैसा अधिक खाटांवर खर्च केला तर अधिक रुग्ण बरे होतील, हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येण्यासारखा नाही. कर्करोगाचा रुग्ण उपचाराच्या रांगेत महिनोन्महिने थांबतो तेव्हा त्याचीही वाट पाहण्याची किंमत असते, आणि ती त्याच्या शरीरातून वसूल होते. कडक नियम करायचे, पण त्यासाठी सरकारने एक पैसाही द्यायचा नाही, असे झाले तर त्याचा परिणाम एवढाच होतो की लहान सार्वजनिक रुग्णालये उपचार बंद करतात आणि मोठी खाजगी रुग्णालये दर वाढवतात.

तरीही आंतरराष्ट्रीय निष्कर्ष जसाच्या तसा उचलण्यापूर्वी तो कोणत्या गृहीतांवर उभा आहे हे पाहिले पाहिजे. गृहीत पहिले, गटार बंद आहे आणि त्यात माणूस उतरत नाही. गृहीत दुसरे, रुग्णाच्या घरी दुसरी खोली आहे. या दोन गृहीतांवरच हा सारा डोलारा उभा आहे, आणि ही दोन्ही गृहीते आपल्या देशात निखळतात.

पहिल्या गृहीताचे पाहा. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली. २०२३ साली तीच भरपाई न्यायालयाला तीस लाखांवर न्यावी लागली. कायदा होऊन दहा वर्षे लोटल्यावर न्यायालयाला पुन्हा हा विषय हाती घ्यावा लागतो, याचा अर्थ माणूस गटारात उतरायचा थांबलेला नाही. येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. गटारात उतरलेला कामगार मरतो तो विषारी वायूने, आयोडीनने नव्हे. रुग्णालयाच्या खालच्या नळीत त्याला मिळणारी किरणांची मात्रा बहुधा अल्पच असेल. परंतु 'बहुधा' या शब्दावर ज्याचे आयुष्य टांगलेले आहे त्याला त्या शब्दाची कल्पनाही दिलेली नसते. तज्ज्ञाच्या कागदावरचे सरासरी माणूस आणि तुंबलेली नळी हाताने मोकळी करणारा माणूस हे दोघे एक नव्हेत. सरासरी काढताना जो सापडत नाही, त्याच्याच हिताची काळजी घेणे हे नियमांचे काम आहे.

दुसऱ्या गृहीताचे पाहा. रुग्णाला घरी सोडताना एक सूचनापत्रक देतात. त्यातील सूचना शास्त्रशुद्ध असतात. काही दिवस वेगळ्या खोलीत झोपा. घरच्यांपासून दोन मीटर अंतर ठेवा. लहान मुलांना आणि गर्भवतींना जवळ घेऊ नका. स्वतंत्र शौचालय वापरा आणि दोनदा पाणी सोडा. कपडे वेगळे धुवा. यातील प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते. मुलांची थायरॉईड ग्रंथी किरणांना मोठ्यांपेक्षा अधिक संवेदनशील असते. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर दुधावाटे पोटात गेलेल्या याच आयोडीन-१३१ मुळे तेथील मुलांमध्ये थायरॉईडचा कर्करोग वाढला. ते प्रमाण आणि रुग्णापासून घरच्यांना मिळणारे प्रमाण यांत फार मोठे अंतर आहे, हे खरे. पण म्हणून लहान मुलाविषयीची सूचना अनाठायी ठरत नाही.

आता हे पत्रक घेऊन रुग्ण कोठे जातो? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन मीटर अंतर कोठून आणायचे? मजल्यावरच्या सामाईक संडासात स्वतंत्र शौचालय कोठे शोधायचे? तीन वर्षांचे मूल आईला बिलगणार नाही याची व्यवस्था कोण करणार? शंभर मिलिक्युरी मात्रा घेतलेल्या रुग्णापासून एका मीटरवर प्रारंभी ताशी सुमारे ०.२ मिलिसिव्हर्ट एवढा किरणोत्सर्ग असतो. सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा एक मिलिसिव्हर्ट आहे. म्हणूनच प्रारंभीचे दिवस रुग्णालयात काढायचे असतात, आणि मात्रा पुरेशी उतरल्याचे मापन झाल्यावरच रुग्णाला सोडायचे असते. पण 'पुरेशी' ठरवताना डोळ्यांसमोर कोणाचे घर ठेवले आहे, हा प्रश्न आहे. दुसरी खोली ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी तो नियम सुरक्षित आहे. ज्याच्याकडे ती नाही त्याला पत्रक देणे म्हणजे जबाबदारीची पावती देण्यासारखे आहे. उद्या काही झाले तर सूचना दिली होती, एवढेच त्यातून सिद्ध होते.

परगावच्या रुग्णाची स्थिती तर याहून बिकट. मुंबईत उपचारासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात, धर्मशाळेत, नातेवाइकांकडे, कधी पदपथावर राहतात. अमेरिकेसारख्या देशातही रुग्ण घराऐवजी हॉटेलात उतरू लागले, तेव्हा तेथील अणुनियामक आयोगाला २०११ साली अशा रुग्णांना हॉटेलात पाठविण्याच्या प्रथेविरुद्ध कडक सूचना काढावी लागली. चादर बदलणाऱ्या आणि न्हाणीघर धुणाऱ्या बाईला आपण काय धुतो आहोत हे माहीत नसते, हे त्यामागचे एक उघड कारण. आपल्याकडच्या धर्मशाळेतील झाडूवालीला तरी ते कोठून माहीत असणार?

हीच साखळी पुढे स्मशानापर्यंत जाते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २०१७ साली लुटेशियम-१७७ चा उपचार घेतलेला एक रुग्ण थोड्याच दिवसांत दुसऱ्या रुग्णालयात मरण पावला आणि त्याचे दहन झाले. दहनापूर्वी स्मशानगृहाला उपचाराची वार्ता पोहोचली नाही. पुढे तपासणी केली तेव्हा भट्टीवर आणि हाडांचा चुरा करणाऱ्या यंत्रावर किरणोत्सर्ग आढळला. तेथील कामगाराच्या मूत्रात लुटेशियम सापडले नाही, पण टेक्नेशियम सापडले. म्हणजे तो आणखी कोणत्या तरी मृतदेहाच्या दहनातून आले असावे. मापलेले प्रमाण अल्प होते. पण जो सापडला तो योगायोगाने सापडला, हे महत्त्वाचे. ज्या देशात दहन हाच बहुसंख्यांचा अंत्यविधी आहे, त्या देशात स्मशानातील कामगाराचा विचार या नियमांत अग्रस्थानी असायला हवा.

आता कायद्याकडे वळू. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १९८७ साली किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम झाले. त्यापूर्वी १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले होते. दुसरीकडे रुग्णालयांच्या सर्वसाधारण जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी त्यांची वर्गवारी आहे, आणि किरणोत्सर्गी कचरा त्यांतून स्पष्टपणे वगळलेला आहे. प्रत्येक व्यवस्था आपापल्या जागी ठीक आहे. पण हा कचरा मरणारा आहे. आज जो एका व्यवस्थेचा, तो तीन महिन्यांनी दुसऱ्या व्यवस्थेचा होतो. सीमा ओलांडण्याचा तो क्षण कोण ठरवतो? पिशवीवर तारीख कोण लिहितो? यंत्राने मोजून 'आता हा साधा कचरा' असे कोण म्हणतो आणि त्याखाली सही कोणाची असते? कागदोपत्री याचे उत्तर किरण सुरक्षा अधिकारी असे आहे. प्रत्यक्षात पिशवी बांधणारी आया, ती उचलणारा कंत्राटी वॉर्डबॉय आणि कोठडीची जागा मोकळी करण्याची घाई झालेला व्यवस्थापक या तिघांमध्ये तो क्षण ठरण्याचा धोका असतो. आयोडीनची पिशवी टेक्नेशियमच्या ढिगात पडली, तर एक तर सगळा ढीग ऐंशी दिवस ठेवावा लागतो, किंवा तीन दिवसांनी सगळाच बाहेर जातो. वर्गवारी करणाऱ्या बाईचे प्रशिक्षण हा म्हणूनच या व्यवस्थेचा कणा आहे, आणि ठेकेदार दर काही महिन्यांनी माणसे बदलतो तेव्हा तो कणाच मोडतो.

दोन व्यवस्थांच्या फटीत वस्तू पडली की काय होते, याचा धडा देशाने २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत घेतला. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील कोबाल्ट-६० असलेले जुने यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले, भंगार बाजारात फोडले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. त्यापूर्वी १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात सोडून दिलेल्या उपचार केंद्रातील सीझियमचे यंत्र भंगार वेचणाऱ्यांच्या हाती लागले आणि चार माणसे दगावली. हे पदार्थ वेगळे होते. ते दीर्घायुषी आणि तीव्र होते, रुग्णाच्या मूत्राशी त्यांची तुलना करता येणार नाही. तुलना करायची ती साखळीची. विद्वानाच्या प्रयोगशाळेतून वा डॉक्टरच्या खोलीतून निघालेली वस्तू ज्याला काहीच सांगितलेले नसते अशा माणसाच्या उघड्या हातात जाऊन पोहोचते, ती साखळी दोन्हीकडे सारखीच आहे.

पुढचा काळ या बाबतीत अधिक काळजी मागणार आहे. लुटेशियमचे उपचार वाढत आहेत आणि ते स्वागतार्ह आहे. त्याचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडे अधिक, म्हणजे आयोडीनहूनही कमी. परंतु ते तयार करण्याच्या दोन पद्धती आहेत. त्यांपैकी थेट अणुभट्टीत लुटेशियमपासूनच बनविण्याच्या पद्धतीत त्याच्यासोबत अगदी अल्प प्रमाणात दुसरा एक प्रकार येतो, ज्याचे अर्धायुष्य सुमारे १६० दिवसांचे आहे. तेव्हा आयोडीनसाठी बांधलेल्या कोठडीचे आणि टाकीचे गणित येथे पुन्हा मांडावे लागते. औषध नवे आले की कचऱ्याचे गणितही नव्याने मांडायचे, आणि तो खर्च औषधाच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरायचा, हे धोरण असले पाहिजे.

मग करायचे काय? टाकी आणि कोठडी ही रुग्णालयाची खाजगी बाब नव्हे, ती सार्वजनिक आरोग्याची पायाभूत सोय आहे. सार्वजनिक रुग्णालयांत ती सरकारी खर्चाने झाली पाहिजे, आणि खाजगी रुग्णालयाने ती स्वतःच्या नफ्यातून केली पाहिजे. दुसरी खोली ज्याच्याकडे नाही त्याला रुग्णालयाजवळ काही दिवस विनामूल्य राहण्याची स्वतंत्र व्यवस्था हवी. टाकी बांधायला पैसा आहे आणि माणसाला ठेवायला नाही, असे होत असेल तर आधी माणसाला ठेवावे, कारण कुटुंबाला पोहोचणारी मात्रा गटाराच्या वाटेने जाणाऱ्या मात्रेहून सहज अधिक असू शकते. या अग्रक्रमाबाबत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे म्हणणे उपयोगीच पडते. किरणांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला हवा, मग तो डॉक्टर असो, कायम नोकर असो की ठेकेदाराचा माणूस असो.

कार्यकर्त्यांनी आपापल्या शहरातील रुग्णालयांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. टाकी किती लिटरची, किती दिवस बंद ठेवता? सोडण्यापूर्वी मोजता का, आणि त्याची वही दाखवाल का? वॉर्ड झाडणाऱ्या बाईला बिल्ला आहे का, आणि त्यावर गेल्या वर्षी किती मात्रा नोंदली गेली हे तिला तिच्या भाषेत सांगितले का? रुग्णाला सोडण्यापूर्वी घरात खोल्या किती, मुले किती, संडास कोणता, हे कोणी विचारते का? नळ तुंबला तर नगरपालिकेच्या कामगाराला निरोप कोण देतो? रुग्ण दगावला तर स्मशानाला कोण कळवतो?

हे प्रश्न विचारताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. भीतीचे राजकारण करू नये. रुग्णालयात किरणोत्सर्ग आहे अशी हाकाटी पिटली तर मोर्चा मोठा निघेल, पण त्याची शिक्षा रुग्णालाच होईल. घरमालक त्याला खोली नाकारील, शेजारी नळावर पाणी भरू देणार नाहीत, सासरचे लोक तरुण मुलीला कायमची वेगळी ठेवतील. ज्या महाराष्ट्राने पाणवठ्यासाठी सत्याग्रह केले, तेथे विज्ञानाच्या नावाने नवी शिवाशिव सुरू होणे ही लाजिरवाणी गोष्ट ठरेल. सूचनापत्रकातील मुदत ठरावीक दिवसांची असते. ती संपली की रुग्ण इतर कोणाही माणसासारखाच माणूस असतो. हे सांगणेही कार्यकर्त्याचेच काम आहे, आणि ते टाकीच्या चौकशीइतकेच महत्त्वाचे आहे.

या कचऱ्याला मारणारा काळ सर्वांसाठी सारखाच चालतो. श्रीमंताचे आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, गरिबाचेही आठच दिवसांत. फरक पडतो तो एवढाच की ते आठ दिवस एकाला स्वतःच्या दुसऱ्या खोलीत काढता येतात आणि दुसऱ्याला आपल्या मुलांच्या अंथरुणाशेजारी काढावे लागतात. त्या आठ दिवसांची जागा समाजाने द्यायची आहे.